पडद्यावरचं अक्षर तुझं आहे

लिस्बन,
12 नोव्हेंबर 2025

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी एक गोष्ट मी तुला न विचारता दुसऱ्यांना देऊन बसले आहे. ती बाहेरून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते आहे. फोन केला असता, पण दोन मिनिटं झाली की तू ‘ठेव आता, पैसे जातायत’ म्हणतेस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा एका बैठकीत संपवू नकोस. आणि काकांना मोठ्यानं वाचायला लावू नकोस. हे तूच वाच.

इकडे थंडी सुरू झाली. काल सां मार्तिन्यूचा सण होता, कोपऱ्याकोपऱ्यावर गाडे लावून चेस्टनट भाजत होते. साल करपल्याचा वास आला आणि आपल्या परसातली काजूच्या बियांची भट्टी आठवली. बाकी तब्येत, नोकरी, सगळं ठीक.

एप्रिल-मे मी फोंड्याला होते ते सिनेमाच्या कामासाठी, एवढं तुला माहीत आहे. काम काय, ते मी तेव्हा टाळलं. सिनेमा 1954 ते 1961 मधला, प्रेमाचा आहे. म्हार्दोळजवळच्या गावातली, देवळाच्या महाजनांच्या घरातली मुलगी, आणि दिवाडीचा एक किरिस्तांव मुलगा. तो फोंड्याच्या पोस्टात, म्हणजे तेव्हाच्या कोर्रेयूत, कारकून आहे. दोघं एकत्र दिसतात ती सगळी मिळून चार-पाच वेळा. उरलेलं सगळं पत्रांतून घडतं. त्यातली तिची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं, मजकुरासकट. नायिकेचा चेहरा त्या मुलीचा, पण कागदावर टाक चालवणारा हात माझा. काठाच्या पोलक्याची बाही आणि दोन दोन काचेच्या बांगड्या घालून मला तासन् तास कंदिलाच्या उजेडात बसवत होते.

दिग्दर्शिका बाई इथल्याच. त्यांचे आजी-आजोबा गोवा मुक्त झाल्यावर मडगाव सोडून लिस्बनला आले. बाईंना कोंकणी समजते, मराठी येत नाही. मी इथे जुन्या मराठी कागदांचं भाषांतर करते हे कुणाकडून तरी कळून त्या भेटायला आल्या. नमुना म्हणून मी तिथेच चार ओळी लिहून दाखवल्या. त्या कागद बराच वेळ हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, हे वळण कुठून आलं? मी सांगितलं, आत्याकडून. शब्द पुरा झाल्यावरच एका दमात शिरोरेघ ओढायची, ‘ळ’ची गाठ आवळायची नाही, ‘श्री’ बरोबर मधोमध आणि जरा चढती. चौथीच्या सुट्टीत तू मला गिरवून घेतलंस ते हे. म्हणून आधी हे सांगते: पडद्यावर जे अक्षर दिसेल ते तुझं आहे.

आता त्या दोघांची अडचण ऐक. दोघं बोलतात कोंकणी. पण तिला लिहिता येतं ते मराठी, कारण देवळाच्या अग्रशाळेत पंतोजी तेच शिकवायचे. त्याला येतं पोर्तुगीज, आणि रोमी अक्षरांतली कोंकणी. एकमेकांचं बोलणं शब्दन् शब्द कळतं, आणि लिहिलेलं एक अक्षर कळत नाही. इथल्या लोकांना हे रचलेलं वाटलं. मी त्यांना बाबांच्या दुकानातली उधारीची वही सांगितली. गिऱ्हाईक रोमीत सही करायचं आणि बाबा तिच्याशेजारी देवनागरीत नाव लिहून ठेवायचे, नाहीतर दिवाळीला हिशेब लागायचा नाही. एकाच तिठ्यावरची माणसं, रोजची बोलणारी.

सिनेमात ती मुलगी अख्ख्या वाड्याची पत्रं लिहून देते, तुझ्यासारखी. पत्ता मात्र रोमीत हवा, म्हणून लोक पोस्टाच्या खिडकीशी येऊन पत्ता तोंडी सांगतात आणि तो कारकून लिहून देतो. आठवड्याला दहा-बारा पत्रं, सांगणारी माणसं वेगळी, हात एकच. उघड्या कार्डांवर तो हात त्याच्या ओळखीचा होतो. माणूस अजून बघितलेलं नाही, वाचता तर येतच नाही. प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर एकच अक्षर दिसतं, म्हणून ते तिचं नाव असणार असं तो धरून चालतो आणि टीपकागदाच्या पाठीमागे ते गिरवत बसतो. आत्या, ते अक्षर म्हणजे ‘श्री’. पुढे ती स्वतः खिडकीशी येते, तेव्हा तो कागद पुढे करून विचारतो, हे तुझं नाव ना? ती मान हलवते आणि सांगते, हे देवाचं. मी संहितेत पहिल्यांदा ते वाचलं आणि तिथेच काम घ्यायचं ठरवलं.

शूटिंग बरंचसं पणजीत मळ्याला आणि फोंतेनच्या गल्ल्यांत झालं, फेरीबोटीची दृश्यं दिवाडीला. उकाड्याबद्दल सांगत बसत नाही. सामानसुमान मात्र मी डोळ्यांत तेल घालून तपासत होते. 1955 च्या पत्राला त्यांनी एस्कुदोचं तिकीट चिकटवलं होतं. एस्कुदो 1959 पासूनचे, त्याआधी आपल्याकडे रुपया आणि तांगा होते, सोळा तांग्यांचा रुपया. आजी शेवटपर्यंत भाजीचा भाव तांग्यात सांगायची ते माझ्या कानात होतं, म्हणून चटकन लक्षात आलं. सगळी पाकिटं पुन्हा केली. मुक्तीआधी सरकारी सेन्सॉरला दाखवल्याशिवाय लग्नपत्रिकासुद्धा छापता येत नसे, हेही त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी ते आता नायिकेच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात घातलंय: पत्रिका तपासून येईपर्यंत मुहूर्त तोंडावर येतो.

मग 1955 चा 15 ऑगस्ट येतो. पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या तो दिवस. लहानपणी सावंतवाडीला तुझ्याकडे येताना मला वाटायचं की पत्रादेवी म्हणजे पत्रांची देवी, आणि मी बसमधून हात जोडायचे. तिथे माणसं कशी पडली ते तू मला पुढे कधीतरी बांद्याच्या बाजारातून परत येताना सांगितलंस. भारतानं नाकेबंदी केली, कुळे ते कॅसलरॉक रेल्वे बंद पडली. आजी म्हणायची, तेव्हा बटाटे हॉलंडहून यायचे, त्यांना चव नसे. सिनेमातला मुलगा त्याच पावसाळ्यात रातोरात सीमा ओलांडून तुमच्या बाजूला येतो. इथून पुढे टपाल बंद. पत्रं चोरवाटेनं, माणसांच्या हातून.

इथल्या काही मंडळींनी शंका काढली की त्या काळी हिंदू आणि किरिस्तांव असं जुळलेलं पटेल का. कायद्याचं म्हणाल तर 1910 नंतर लग्न हा सरकारदरबारी नोंदवायचा करार होता. अडायचं ते घरात, देवळात आणि इगर्जीत. पण मी कायद्याचं काही बोलले नाही. मी त्यांना लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई सांगितले. 1955 च्या नोव्हेंबरात तुझ्या आंबोलीच्या जंगलातून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हा छुपा रेडिओ सुरू झाला, पुढे तो कॅसलरॉकला गेला. 1961 च्या 19 डिसेंबरपर्यंत ही दोघं रानात राहून रेडिओ चालवत होती. शेवटच्या दिवशी विमानातून गोव्यावर फिरत त्यांनीच मुक्तीची बातमी दिली. मुक्तीनंतर त्यांनी लग्न केलं. लिबियाबाईंना या वर्षी पद्मश्री जाहीर झाली ती वयाच्या शंभराव्या वर्षी. शंका तिथेच संपली.

मतभेद झाला तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे तू आलीस.

बाईंना पत्रांत प्रेम हवं होतं, उघड शब्दांत. ‘तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही’ अशी वाक्यं त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहून दिली आणि म्हणाल्या, मराठीत कर. मी केलीही. वाचून बघितली तर नाटक कंपनीची जाहिरात वाटली. म्हार्दोळच्या घरातली, सतरा वर्षांची, दिवा विझायच्या आत पत्र पुरं करणारी मुलगी असं लिहीलच कशी? तिला तसे शब्द कुणी दिलेलेच नाहीत. तिच्याकडे आहे ते ‘पत्रास कारण की’ आणि ‘कळावे, लोभ असावा’. मधे पाऊस, जाईचा बहर, कोणाचं बारसं. जे काही सांगायचं ते तिला तेवढ्यातूनच सांगायचं आहे. बाई म्हणाल्या, लोकांना कळणार नाही. तेव्हा मी त्यांना बांधावरच्या काकीची गोष्ट सांगितली.

त्या रात्रीचं तुला आठवतं का? चवथीआधी वीज गेली होती, आपण दोघी वसरीवर वाती वळत होतो, आणि तू एकदम बोलायला लागलीस. काकीची पत्रं वाचायचीस तेव्हा तू सहावीत होतीस. काकीचा नवरा मुंबईला गिरणीत. पत्र आलं की ती धावत तुझ्याकडे यायची, हात पदराला पुसत. एक पत्र आलं, त्यात त्यानं लिहिलं होतं की त्यानं तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं आहे आणि आता यायचा नाही. बारा वर्षांची तू. ती समोर उकिडवी बसलेली. आणि तू वाचलंस, ‘सुट्टी मिळत नाही. चवथीला जमणार नाही. मे महिन्यात बघतो.’ पुढे तो तुटक दोन-तीन ओळी लिहायचा, त्या तू तुझ्या मनानं वाढवून वाचायचीस. दोन वर्षं. तिची उत्तरं मात्र जशीच्या तशी लिहायचीस. एकदा तिनं सांगितलं, ‘लिही गो बाय, गाय व्याली. पाडी झाली.’ तू विचारलंस, आणखी काय लिहू? ती खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘तेवढां पुरे. ताका कळतलां.’

आत्या, हे मी बाईंना सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला, त्यांचेही डोळे भरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उघड्या प्रेमाची सगळी वाक्यं काढून टाकली. आता तिच्या एका पत्रात एवढंच आहे: ‘यंदा जाईला बहर उशिरा आला. देवीला पुरून उरली नाहीत. आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे ते तुम्हांस माहीतच आहे.’ तो कधीतरी त्या विहिरीवर पाणी प्यायलेला आहे, हे आपण आधी बघितलेलं असतं.

पण गोष्ट इथेच थांबली नाही. संहितेत पुढे एक प्रसंग होता: बापाच्या हाती पत्रं लागतात आणि तो ती तुळशीपुढे जाळतो. मला ते सहन होईना. लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर आपण तो कपाळाला लावतो. राजांगणात, तुळशीसमोर, महाजनांच्या घरचा माणूस अक्षर जाळेल? आणि आपल्याकडे पत्र लपवायची सोय तरी कुठे होती? आलेलं पत्र घराचं असायचं. आजोबा ते जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचायचे, मग दाराच्या मागच्या तारेत ओवून टाकायचे. मयताचं कार्ड तेवढं वाचून फाडायचं, त्याला तारेत जागा नव्हती. मी बाईंना म्हटलं, जाळू नका, बापाला ते वाचू द्या.

मग तो प्रसंग आम्ही नव्यानं बांधला. पत्र आणणारा माणूस चुकून ते बापाच्याच हातात देतो. बाप जेवणानंतर वसरीवर बसून कागद उलगडतो. मुलानं एव्हाना थोडी देवनागरी कमावली आहे, म्हणून माथ्यावर ‘श्री’ आहे आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत ‘पत्रास कारण की’. तेवढंच. पुढचं सगळं रोमीत. बाप एवढं मोठ्यानं वाचतो, अडतो, आणि कागद मुलीपुढे करतो. पोस्टातले पत्ते बघून बघून पोर रोमी अक्षरं शिकली, याचं त्याला कोण कौतुक. ‘पोस्टातल्या कारकुनाचं दिसतंय. वाच पाहू.’

आणि ती वाचते. न थांबता. काजूचा दर काय झाला, मुंबईच्या पार्सलाचं काय झालं, मनिऑर्डरीला उशीर का. कागदावर यातलं काही नाही. कोपऱ्यात आजी वाती वळत असते, तिचे हात थांबतात. ती नातीकडे बघत नाही, कापसाकडेच बघते, आणि थोड्या वेळानं पुन्हा वळायला लागते. वाचून झाल्यावर बाप पत्र घेतो आणि तारेत ओवतो. त्याची लेक सहा वर्षं त्या तारेखालून ये-जा करते.

तो सगळा प्रसंग एका रात्रीत घेतला. कागदावर रोमीत खरं काय लिहिलंय ते पडद्यावर स्वच्छ दिसतं, पण खाली अनुवाद देऊ नका असं मी सांगितलं आणि बाईंनी ऐकलं. तो मजकूर दिवाडीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलाय. साष्टी-बार्देशचे लोक ते वाचतील, आपल्या फोंड्याकडची, अंत्रुजातली जुनी माणसं फक्त ऐकतील. एकाच थिएटरात शेजारी शेजारी बसून.

शेवट सांगत नाही, तो तू बघावास. पंतोजींची एक बाजू मात्र मला अपुरी वाटते. ते एका रात्री नाहीसे होतात आणि सिनेमा त्यांना विसरतो. इथून कास्काईशला जाणारी लोकल काशियश स्टेशनवरून जाते. सांगलीहून गोव्यात येऊन मराठी शिकवणारे मोहन रानडे तिथल्या किल्ल्यात कैदेत होते. 1955 साली पकडले, सुटले 1969 मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. रविवारी त्या गाडीनं जाते तेव्हा स्टेशन येईपर्यंत माझं पुस्तक बंद असतं. हे मी बाईंना दोनदा सांगितलं. पुढचं त्यांच्या हातात.

आता तुझ्याकडे मागणं. श्रेयनामावलीत पत्रलेखन म्हणून माझं नाव आहे. तिथे तुझंही यावं असं मला वाटतं, अक्षरासाठी आणि त्या प्रसंगासाठी. पण नाव छापलं की लोक विचारणार, गावातलेही, आणि तू ते मला अंधारात सांगितलं होतंस, हे मी विसरलेले नाही. तेव्हा विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तुझ्या मनाला लागलं असेल तर मला क्षमा कर. नाव घालायचं की नाही ते तू सांगशील तसं. काकीबद्दल आणखी काही सांगितलेलं नाही, गाव नाही की घर नाही.

सिनेमा पणजीला लागेल तेव्हा मी येईन. सावंतवाडीहून तुला घेऊन जाईन, सकाळच्या बसनं निघू म्हणजे ऊन लागायचं नाही. अजितला सोबत घेऊ नकोस, आपण दोघीच जाऊ.

आणि एक. त्या रात्री वीज आली, तू उठून देवघरात गेलीस, आणि माझं विचारायचं राहून गेलं. काकीला पुढे कळलं का? की तिला पहिल्या पत्रापासूनच कळलं होतं, आणि ती तुला वाचू देत होती?

उत्तर कार्डावर लिहू नकोस, पाकिटातून पाठव.

ती. काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुझी,
धाकटी